मुसाभाईंच्या सिनेमात कुणी कुवेतला पोचेना

मुलांनो, डोळे मिटा बघू. मिटलेत? कुणीतरी एक डोळा किलकिला ठेवलाय, तोही मिटा. आता समोर एक मोठं सपाट पठार आणा. जांभ्या दगडाचं, काळं-तांबडं, मे महिन्याच्या उन्हात चटके देणारं. सावलीपुरतंही झाड नाही. आमच्या रत्नागिरीकडे ह्याला सडा म्हणतात. ह्या सड्यावर आता एक उंट उभा करा. चित्रातला नको, खराखुरा, लाळ गाळणारा. त्याच्या पाठीवर आठ वर्षांची एक मुलगी बसवा, गाल फुगवून बसलेली. समोर लग्नाचं शूटिंग करणारा कॅमेरावाला. त्याच्यामागे छत्री घेतलेले एक म्हातारे गृहस्थ. ते घसा फोडून ओरडतायत, "पुढे! अरे पुढे! कुवेत पुढे आहे!" आणि उंट शांतपणे मागे वळतोय.

दिसलं सगळं? छान. आता डोळे उघडलेत तरी चालेल, कारण उंट तिथे आला कसा हे सांगायचं आहे आणि ते बरंच लांबचं काम आहे.

छत्रीवाले गृहस्थ म्हणजे मुसाभाई होडेकर. पोस्टातून निवृत्त झालेले, जयगडच्या खाडीच्या वरच्या अंगाला एका गावात राहणारे. उंटावरची मुलगी त्यांची नात अलिझा. साल दोन हजार दोन. त्या उन्हाळ्यात मुसाभाईंच्या घरी मोठी आनंदाची बातमी आली होती. त्यांचा मुलगा फैझान कित्येक वर्षं कुवेतला एकटा राहत होता. आता त्याला बढती मिळाली, त्याने लहानशी का होईना स्वतःची जागा घेतली, आणि बायको-मुलीसाठी व्हिसा पाठवला. पाठोपाठ विमानाची तिकिटं आली. माळ्यावरून बॅगा खाली उतरल्या. सून महरीन गाणं गुणगुणत कपड्यांच्या घड्या घालायला बसली. आणि अलिझाने दारात उभं राहून सांगून टाकलं, "मी नाय जाणार."

"का गो?" मुसाभाईंची बायको कुलसुम म्हणाली.

"पप्पांना तिकडंच आवडतं. आवडतं म्हणून तर ते येत नायत. बघा ना."

तिने भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर फैझानचे फोटो ओळीने लावलेले होते. फैझान कारंज्यापाशी. फैझान उंच काचेच्या इमारतीपाशी. आणि मधोमध, सोनेरी चौकटीत, फैझान एका लांबलचक पांढऱ्या गाडीला टेकून, डोळ्यांना काळा चष्मा. ह्या गाडीवर मुसाभाईंचा फार जीव. पाहुणा आला की चहाच्या आधी गाडी. "एसी गाडी आहे. आवाज म्हणून नाही," असं ते सांगायचे. लिटरला किती जाते तेही सांगायचे. हा आकडा त्यांना कुणी कळवला होता हे त्यांनाच आठवत नव्हतं, पण इतकी वर्षं सांगून सांगून तो पक्का झाला होता.

"राहू दे त्यांना गाडीपाशी," अलिझा म्हणाली आणि परसात निघून गेली.

लहान मुलं असं बोलतात आणि विसरतात, असं मोठ्यांना वाटतं. अलिझा विसरली नाही. शुक्रवारी फैझानचा फोन आला की ती विहिरीमागे जाऊन बसायची. कुलसुमने लाडीगोडी लावून पाहिली, बाहुलीचं आमिष दाखवलं. शेवटी महरीनने हातातली घडी खाली ठेवली. "रडत्या पोरीला विमानात ओढत नेणार नाय मी. ती हसत आली तर जाईन. नायतर दोघी इथंच." महरीन मोजकं बोलायची, पण बोलली की त्यावर अपील नसायचं. आणि व्हिसाला मुदत होती. ती गेली असती तर फैझान त्या नव्या जागेत पुन्हा एकटाच.

मुसाभाईंनी रात्रभर विचार केला आणि सकाळी दात घासता घासता त्यांना कल्पना सुचली. ती इतकी भारी होती की तोंडातला फेस तसाच ठेवून ते स्वयंपाकघरात आले.

"शिनेमा!"

"आधी चूळ भरा," कुलसुम म्हणाली.

चूळ भरून त्यांनी समजावलं. पोरीला सांगून पटत नाही, तर दाखवायचं. गाव सोडून परदेशी गेलेल्या एका कुटुंबाची कथा. विमानतळावर स्वागत, वाळवंटातली सफर, सुंदर घर, सोफ्यावर बसलेले प्रेमळ वडील. बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. आणि छोट्या मुलीचं काम खुद्द अलिझाने करायचं. म्हणजे पोर खोट्या कुवेतात रमली की खऱ्या कुवेतला आपोआप तयार. सिनेमाचं नावही ठरलं होतं: 'सुखी संसार, मुक्काम कुवेत'.

"तुम्ही कुवेत पाहिलाय?"

"पाहायला कशाला पाहिजे? फोटो आहेत की!" मुसाभाई म्हणाले.

अलिझाला विचारलं. तिने थोडा वेळ नखं कुरतडली. "काम करीन. पण जाणार नाय."

"नको जाऊस. काम कर नुसतं."

तर असा एका छोट्या कॅसेटवर मावणारा हा छोटा बेत होता. आता तो फुगला कसा ते ऐका.

पहिल्यांदा आला विनोद. विनोद मालगुंडचा, लग्नाची शूटिंग घेणारा. तेव्हा काही खिशातल्या फोनने सिनेमा काढत नसत. खांद्यावर भलामोठा कॅमेरा आणि मागे वायरींचं भेंडोळं, असा तो सरंजाम असे. विनोद हुशार होता, पण जन्मभर लग्नंच काढल्यामुळे त्याला जगात दोनच प्रकारची माणसं दिसत. मुसाभाईंनी सगळी गोष्ट सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "बरं चाचा, ह्यात मुलीकडचे कोण?"

मग आले कासमभाई. शेजारी राहणारे, दुबईला उभी हयात काढून आलेले. मुसाभाईंना ते मनातून कधीच आवडले नव्हते, कारण गावात परदेशाबद्दल बोलायचा मान दोघांत वाटून घ्यावा लागे. "वाळवंट कुठनं आणणार?" कासमभाईंनी विचारलं.

"सडा आहे की."

"वाळवंट पिवळं असतं. सडा जळक्या तव्यासारखा दिसतो."

"एडिटिंगला पिवळा करतो," विनोद म्हणाला.

आणि तिसरा आला उमेर. उमेर हा फैझानच्या वयाचा, कुवेतलाच होता, पाठीच्या दुखण्यामुळे गेल्याच वर्षी कायमचा परत आलेला. बोलका, हसरा, अत्तराचा घमघमाट सोडणारा. वाडीतल्या पोरांना तो कुवेतच्या अशा गोष्टी सांगायचा की पोरं जेवायला विसरायची. फैझानचं, म्हणजे वडिलांचं काम त्याने मागूनच घेतलं. "काळा चष्मा माझा मी आणतो," तो म्हणाला.

"उंट पाहिजे पण," मुसाभाई म्हणाले.

"चाचा, कुवेतात रस्त्यावर उंट नसतात. गाड्या असतात."

"अरे, परदेश आहे हे कळायला नको का बघणाऱ्याला? उंट म्हटला की अरबस्तान." मुसाभाईंनी जमलेल्यांकडे वळून विचारलं, "तुमच्यापैकी उंटावर कोण कोण बसलंय?" आखातात राहून आलेली बरीच मंडळी जमली होती. सगळ्यांनी हात वर केले. "कुठे बसलात?"

"गणपतीपुळ्याला," सगळे म्हणाले.

तेव्हा उंट गणपतीपुळ्याहूनच आणायचा असं ठरलं.

पण उंट गावात आणायचा, सड्यावर शूटिंग करायचं, म्हणजे ग्रामपंचायतीची परवानगी हवी. नियमाला मुसाभाई पोस्टातल्या माणसाला शोभतील इतके पक्के होते. ते ग्रामपंचायतीत गेले. तिथे रावजी लिपिक होता. रावजीने अर्ज वाचला, उलटा करून वाचला, आणि चष्मा कपाळावर ढकलला.

"मुसाभाई, लग्न असतं तर दिली असती. सभा असती तर दिली असती. सिनेमाला माझ्याकडे रकानाच नाय."

"मग सभा लिही."

"सभेला अध्यक्ष लागतो. अध्यक्ष कोण, उंट? बरं, उंट कशात घालू? गाय, म्हैस, बैल, शेळी एवढंच छापलंय. शेतीच्या कामाचा नाय, दुभता नाय."

"उंटीण दूध देते," मुसाभाईंनी माहिती पुरवली.

"तुमची उंटीण आहे?"

"नाही."

"मग झालं तर." रावजीने बराच वेळ पेन हवेत धरलं. "करमणुकीचं साधन लिहिलं तर करमणूक कर लागतो. त्याला तालुक्याला जायला लागेल. तिथनं जिल्ह्याला." एवढं बोलून तो खिडकीबाहेर बघत राहिला आणि सहज विचारल्यासारखं म्हणाला, "सिनेमात हाफिसराचं वगैरे काम असंल ना?"

मुसाभाईंनी जन्मभर खिडकीच्या आतल्या बाजूला काम केलं होतं. त्यांना खिडकीच्या आतली भाषा कळली. "विमानतळावर साहेब आहे," ते म्हणाले. "पासपोर्ट बघतो. टोपी आहे त्याला."

उंट त्याच दिवशी "इतर" मध्ये बसला.

विमानतळ शाळेच्या व्हरांड्यात उभारला. मे महिन्याची सुट्टी असल्यामुळे शाळा मोकळीच होती. एका बाकामागे रावजी, खाकी शर्ट, टोपी आणि ग्रामपंचायतीचे खरे शिक्के घेऊन बसला. प्रसंग सोपा होता. महरीन आणि अलिझा बॅगा घेऊन येतात, साहेब हसतो, शिक्का मारतो, "कुवेतमध्ये आपलं स्वागत असो" म्हणतो, आणि पलीकडून उमेर हात पसरून धावत येतो. बघायला अख्खी वाडी लोटली होती.

"मुलीकडचे आत या," विनोद ओरडला. महरीन आणि अलिझा आल्या. रावजीने पासपोर्ट म्हणून दिलेलं रेशनकार्ड घेतलं. पान उलटलं. आणखी एक उलटलं. आणि काय झालं कोण जाणे, पण त्या टोपीखाली रावजीचा चेहरा बदलला.

"मुलीचा जन्मदाखला?"

"तो नाही आपल्या गोष्टीत," मुसाभाई कॅमेऱ्यामागून कुजबुजले. "शिक्का मार."

"मूळ प्रत नसंल तर सत्यप्रत. सत्यप्रतीवर सही कोणाची आहे?"

"रावजी, शिक्का मार रे बाबा!"

"असा कसा मारू? उद्या चौकशी आली तर? सरकारी काम आहे हे."

"सरकार कुठलं? कुवेतचं!"

"सरकार कुठलंही असू दे," रावजी म्हणाला, आणि जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पलीकडे उमेर हात पसरून तसाच उभा, पाठीत कळ आली म्हणून तोंड वाकडं झालेलं.

मग अलिझा पुढे झाली. तिने रावजीसमोरून रेशनकार्ड उचललं, बाकासमोर नीट उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "नाय सोडत ना? मग आम्ही परत जातो." आणि आईचा हात धरून घराकडे चालू लागली. विनोदने कॅमेरा तिच्यामागे वळवला. पाठवणीचा प्रसंग तो कधी चुकवत नसे.

दुसऱ्या दिवशी उंट आला. त्याचा मालक आत्माराम त्याला पहाटेच घेऊन निघाला होता, पण वाटेत दर गावात पोरं मागे लागली, कुत्री मागे लागली, एका वळणावर एसटी थांबली आणि तिच्यातून प्रवासी उतरून उंट बघून पुन्हा चढले. त्यामुळे गावात येईपर्यंत उंटामागे वरातीएवढे लोक झाले होते. विनोदला फार बरं वाटलं.

उंटाने आल्याआल्या कासमभाईंच्या कुंपणाची जास्वंद खाल्ली. अर्धी सड्यावर जायच्या आधी आणि अर्धी परत येताना.

"काटेरी झाडं खातात ना रे हे?" मुसाभाईंनी विचारलं.

"राजस्थानात असतानाची गोष्ट ती," आत्माराम उंटाच्या मानेवर थाप मारत म्हणाला. "इकडं आला तेव्हा सुरवातीला कशालाच तोंड लावत नव्हता. समुद्राकडं बघून नुसता ओरडायचा. आता फणसाची पानं लागतात त्याला. फणसाची पानं नसली की रुसतो."

अलिझा उंटाकडे बघत राहिली. मग ती विनातक्रार चढून बसली.

"हं, आता चालव वाळवंटाकडे," मुसाभाईंनी छत्री उंचावली. उंट निघाला. खरंच सुंदर दिसत होतं हो! तापलेला सडा, पलीकडे निळी पट्टी, उंटाची डुलती चाल आणि वर लहानशी अलिझा. मुसाभाई छत्री मिटून बघत राहिले. आणि तेवढ्यात उंट थांबला, वळला, आणि होता तिथे परत आला. आल्यावर गुडघे मोडून खाली बसला.

"काय झालं?"

"फेरी झाली," आत्माराम म्हणाला.

"फेरी कसली? त्याला क्षितिजापर्यंत जायचंय."

"तो नाय जाणार. किनाऱ्यावर आमची हद्द आहे ना, भेळवाल्यापासून होड्यांपर्यंत. तेवढं चालला की वळतो आपला आपण."

पुन्हा चालवला. पुन्हा वळला. कासमभाई पुढे जाऊन जास्वंदीची फांदी दाखवत उभे राहिले. उंटाने तिथपर्यंत जाऊन फांदी खाल्ली आणि वळला. उमेरने उंटाचं तोंड कुवेतच्या दिशेला करून बघा, असा सल्ला दिला. आत्मारामने खेचला, मागून पोरांनी ढकलला, मुसाभाई छत्री आपटत ओरडले, "पुढे! अरे पुढे! कुवेत पुढे आहे!" उंट आपला होड्यांपाशी पोचल्याच्या समाधानाने परत. त्यातच उन्हामुळे विनोदच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली.

घरी येताना अलिझा खुशीत होती. "दादाजी, उंटालासुद्धा नाय जायचं."

रात्री मुसाभाईंनी टीव्हीला वायर लावून दोन दिवसांचं काम पाहिलं. विनोदने हौसेने काही ठिकाणी कडेने गुलाब घातले होते आणि सडा पिवळा करायच्या नादात सगळ्या गावाला कावीळ झाल्यासारखं दिसत होतं. पण ते चालण्यासारखं होतं. चालण्यासारखं नव्हतं ते हे, की सिनेमात कुणी कुवेतला पोचतच नव्हतं. विमानतळावरून माणसं परत, वाळवंटातून उंट परत. नातीला नेण्यासाठी काढलेला सिनेमा तिला सारखा घरी आणून सोडत होता.

"आता एकच राहिलं," ते कुलसुमला म्हणाले. "घर. घर असं दाखवतो की तिला दुसरं काही सुचणार नाही."

तिसऱ्या दिवशी मुसाभाईंच्या बैठकीच्या खोलीचा महाल झाला. वाडीतल्या काझींच्या घरचा सोफा चौघांनी उचलून आणला. फुलदाणीत प्लॅस्टिकचे गुलाब, टेबलावर सफरचंदं, मागे भिंतीवर पांढऱ्या गाडीचा फोटो. उमेर काळा चष्मा लावून सोफ्यावर बसला. त्याने म्हणायचं होतं, "ये बेटा, हे बघ आपलं घर. मी इथे रोज अगदी मजेत असतो."

पण उमेरला बसणं जमेना. एकदा टोकावर बसला, एकदा पाय वर घेतले, एकदा एवढा रुतला की उठताना कण्हला. वाक्यही अडायचं. "मी इथे रोज" म्हणून तो थांबायचा.

"काय रे," कासमभाई दारातून म्हणाले, "सोफ्यावर बसायची सवय नाय वाटतं. कुवेतात उभाच होतास काय?"

जास्वंदीमुळे कासमभाई आधीच तापलेले होते. उमेरने चष्मा काढला.

"तुमच्या दुबईत होता सोफा? गच्चीवर झोपायचात तुम्ही. चादर भिजवून अंगावर घ्यायची आणि सुकायच्या आत झोप लागली तर लागली. तुमच्याच भावानं सांगितलंय."

"गच्ची होती आम्हाला! हवा होती! तुमच्यासारखे खोलीत एकावर एक रचून नव्हतो ठेवलेले!"

"रचून नाय, पलंग होते आम्हाला! एकाच्या डोक्यावर दुसरा!"

"पलंग! झोपलास की नाक छताला!"

"हो! लागायचं नाक! आणि तुमच्याकडे मोरीला रांग किती होती ते सांगा ना. आमच्याकडे पहाटे अंधारात उठायला लागायचं, नायतर साबण लावून पाणी गेलंच!"

"आमच्याकडे पाणी गेल्यावरच साबण लावायचा!"

मुलांनो, तुम्ही कधी दोन माणसांना माझंच घर मोठं म्हणून भांडताना पाहिलं असेल. इथे दोघे माझीच खोली वाईट म्हणून भांडत होते, आणि दोघांनाही चेव चढला होता. "दाखवतोच तुम्हाला," उमेर उठला आणि पाठ विसरून शेजारच्या आंब्यांच्या खोलीत शिरला. तिथे गवतात आंबे पिकत घातले होते. वर फळ्या होत्या. त्याने टोपल्या बाजूला केल्या. "हा एक पलंग, ही वरची फळी दुसरा. हे समोर दोन. कासमभाई, आडवे व्हा!" कासमभाई खरंच आडवे झाले. "दोरी बांधा रे कुणीतरी!" दोरी आली. तिच्यावर टॉवेल आले. बॅगा फळीखाली सरकल्या. एक स्टोव्ह आला, दोन भांडी आली. बघायला आलेली आखाती मंडळी आपापली आठवण घेऊन आत घुसायला लागली. "अरे, खिळ्याला आरसा पाहिजे!" "बायकोचा फोटो उशीखाली असतो, भिंतीवर नाय!" "चप्पल बाहेर ठेवलीत तर सकाळी दुसऱ्याची मिळते!" खोलीत हसण्याचा आणि पिकल्या हापूसचा नुसता दरवळ. विनोद दाराच्या चौकटीत अडकून कॅमेरा चालवत होता, आणि पहिल्यांदाच कुणाला मुलीकडचे म्हणत नव्हता.

मुसाभाई तेवढे बाहेर, रिकाम्या सोफ्यापाशी उभे होते. त्यांचा महाल शेजारच्या खोलीने गिळला होता. तरीही त्यांनी एक शेवटचा प्रयत्न केला. "अरे, पण गाडी! एवढी गाडी असलेला माणूस असल्या खोलीत कसा राहील?"

खोलीतून उमेरचं डोकं बाहेर आलं. त्याने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं आणि अपराध्यासारखं हसला. "चाचा, फैझान आणि मी एकाच खोलीत होतो. ती गाडी आमच्या बिल्डिंगखाली उभी असायची. कुणाची, अल्ला जाणे. शुक्रवारी आंघोळ करून आम्ही सगळे एकेक करून तिच्याजवळ उभे राहायचो. माझ्याही घरी आहे तोच फोटो."

"पांढरी?" कासमभाई फळीवर उठून बसले आणि छताला डोकं आपटून घेतलं. "मागच्या काचेत खेळण्यातला वाघ? अरे, माझा पुतण्या कुवेतला होता, त्याच्याही फोटोत तीच गाडी आहे!"

मुसाभाई सोफ्यावर बसले. लिटरला किती जाते ते त्यांनी आजवर किती लोकांना सांगितलं होतं, ते सगळे लोक एकदम त्यांच्या डोळ्यांपुढून रांगेने जायला लागले.

आणि त्या सगळ्या गोंगाटात अलिझा आंब्यांच्या खोलीच्या दारात उभी होती. ती कधी आली कुणी पाहिलं नव्हतं.

"पप्पांची जागा कुठली?" तिने विचारलं.

हसणं थांबलं. उमेरने वरच्या फळीवर हात ठेवला. "ही. दिव्याखालची. दिव्याचा त्रास होतो म्हणून कुणी घेत नसे."

"मग ते येत का नव्हते?"

उमेरने मुसाभाईंकडे पाहिलं. "त्यानं सुट्टी विकली गो," उमेर म्हणाला. "सुट्टीवर नाय गेलं की कंपनी पैसे देते. दोन वेळा विकली. तुमच्यासाठी जागा घ्यायची होती ना, ह्या खोलीत तुम्हाला कसं आणणार? आम्ही म्हणायचो, जाऊन ये. तो म्हणायचा, एकदाच आणतो दोघींना."

"आणि जेवायचे काय?"

"खुबूस. तिकडची जाडजूड रोटी असते, दुकानातनं आणायची." उमेरचा चेहरा जरा उजळला. "शुक्रवारी त्याची पाळी. एकदा त्याला तांदळाची भाकरी खायची लहर आली. आम्ही सगळे ताटं घेऊन बसलो. ह्यानं थापली, तव्यावर टाकली, तर तिचे तुकडेतुकडे! पुन्हा थापली, पुन्हा तुकडे. शेवटी काय सांगू अलिझा, भाकरी चमच्यानं खाल्ली आम्ही!"

सगळे पोट धरून हसले. अलिझाही हसली. मग तिचं हसू कमी कमी होत गेलं. तिने वरच्या फळीकडे एकदा पाहिलं आणि कुणाशी न बोलता आत निघून गेली.

"संपलं," मुसाभाई महरीनला म्हणाले. "मी तिला चांगलं चांगलं दाखवायला गेलो आणि हे दाखवून बसलो. आता कशाला जाईल ती? माझं चुकलं, बेटा."

महरीन भिंतीवरच्या फोटोकडे बघत होती, गाडीकडे नव्हे, गाडीला टेकलेल्या माणसाकडे. तेवढ्यात आतून कुलसुमचा आवाज आला. "अगो, आत्ता? एवढी माणसं घरात आणि आत्ता?"

दोघं स्वयंपाकघराच्या दारापाशी गेली. विनोदही कॅमेरा घेऊन मागोमाग.

अलिझाने बाह्या वर केल्या होत्या. ती पाटावर परात ओढून बसली होती आणि मनगटापर्यंत तांदळाचं पीठ झाली होती. "सरक ना दादी. मला थापायला शिकव. पप्पांना येत नाय. अम्मी एकटी किती जणांच्या करणार? उमेरचाचा म्हणाले तिकडं शुक्रवारी सगळे जेवायला बसतात."

कुलसुमने पाण्याचं भांडं नातीजवळ सरकवलं. "हात ओला कर आधी. कडेकडेनं थाप. मधे जोर नको."

पहिली भाकरी परातीतून उचलतानाच फाटली. महरीनने पदराने डोळे पुसले आणि लगेच विचारलं, "परात बॅगेत मावेल का ओ?" मुसाभाईंना अचानक तोंड धुवायची फार गरज वाटली आणि ते विहिरीकडे गेले.

विनोदने खांद्यावर कॅमेरा घेतला.

"विनोददादा, आत्ता नको काढू," अलिझा मान वर न करता म्हणाली. "गोल आली की हाक मारते." आणि फाटलेली भाकरी मोडून तिने तिचा पुन्हा गोळा केला, हात पाण्यात बुडवला आणि कडेकडेने थापायला लागली.